अबोल लेकराचा एकुलता दोस्त



शाळेच्या प्रगतिपत्रकात वर्णनात्मक नोंदींचे तीन रकाने असतात. विशेष प्रगती, आवड-छंद आणि सुधारणा आवश्यक. २०१० मध्ये आपल्या राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं तेव्हापासून शिक्षकांना हे लिहावं लागतं. मी त्याआधीच सेवानिवृत्त झाले, त्यामुळे त्या लिखापढीतून सुटले. पण नातवंडांची आणि शेजारपाजारच्या लेकरांची प्रगतिपत्रकं आजही माझ्याकडे वाचायला येतात. (बाईंनी एकदा नजर टाकली म्हणजे झालं, असं आईबापांना वाटतं!) त्या तिसऱ्या रकान्यात एक वाक्य मला सारखं भेटतं. 'वर्गात बोलत नाही.' 'इतर मुलांत मिसळत नाही.'

मग घरात चर्चा सुरू होते. कोणी म्हणतं, उन्हाळी शिबिराला टाका. कोणी म्हणतं, गॅदरिंगमध्ये बळंच उभं करा, भीड चेपेल. आजी म्हणते, बापावर गेलंय, तोही असाच घुमा होता. आणि ज्याच्याबद्दल हे सगळं चाललंय ते लेकरू दाराच्या चौकटीला टेकून आपल्या पायाचा अंगठा बघत उभं असतं.

माझं मत सरळ सांगते. अशा लेकराला बोलकं करायच्या मागे लागू नये. त्याला मित्र किती, हेही मोजू नये. त्याचा एक मित्र कोण, हे शोधावं आणि तो टिकेल असं बघावं. बाकीचं पुष्कळसं त्यातून होतं. हा एकुलता दोस्त आपण मोठी माणसं फार सहज तोडतो, म्हणून आज हा विषय घेतला.

आधी एक घोळ निस्तरू. गप्प बसणारं प्रत्येक लेकरू लाजाळू नसतं. काहींना एकटं राहायला मनापासून आवडतं. ती झाडाखाली मुंग्यांची रांग बघत मधली सुट्टी घालवतील आणि त्यांचं काही बिघडणार नाही. काहींना मात्र खेळात जायचं असतं, पण पाय उचलत नाही. दोन पावलं पुढं, दोन मागं. येन्स आसेनडॉर्फ नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञानं १९९० मध्ये हा फरक फार छान मांडला. जवळ जायची ओढ आणि जवळ जायची भीती, दोन्ही एकाच वेळी, म्हणजे लाजाळूपणा. हे मला आमच्या भाचीनं समजावून सांगितलं. ती मानसशास्त्र शिकवते. माझं सगळं शिक्षण मराठीतून झालेलं, इंग्रजी शोधनिबंध मला काही वाचवत नाहीत. पण तिनं सांगितलेलं मी वर्गात बघितलेल्याशी ताडून बघते.

आपल्या हिंगोली जिल्ह्यात याशिवाय तिसरा एक गट आहे. तांड्यावरून आलेलं लेकरू घरी गोरमाटी बोलतं. पहिलीत त्याच्यापुढं एकदम पुस्तकातली मराठी येते. ते गप्प बसतं, कारण त्याला शब्द सापडत नसतात. तांड्यावर जाऊन बघा, तेच लेकरू सगळ्यांना दटावत असतं! कोणाला कमी ऐकू येतं, कोणी तोतरं बोलतं, कोणाच्या घरी रात्री भांडण झालेलं असतं. या सगळ्यांवर 'मिसळत नाही' असा एकच शिक्का मारणं बरोबर नाही. आज मी लिहिते आहे ते ओढ आणि भीती दोन्ही असलेल्या लेकरांबद्दल.

आता प्रश्न असा की अशा लेकरांना मित्र असतात का? लोकांना वाटतं, नसतात. मला तसं कधीच वाटलं नाही. दुपारच्या खिचडीला लेकरं ओळीनं बसतात ना, तिथं शिक्षकानं नुसतं उभं राहून बघावं. वर्गात जे दिसत नाही ते पंगतीत दिसतं. धीट मुलांची जागा रोज बदलते, आज याच्याशेजारी, उद्या त्याच्याशेजारी. अबोल लेकरू मात्र ताट हातात घेऊन एकालाच शोधत असतं. तो दिसला की ते बसतं. बोलत नाहीत फारसं. एक जण लोणच्याची फोड दुसऱ्याच्या ताटात टाकतो. झाली मैत्री.

भाचीनं सांगितलं की यावर रीतसर अभ्यास झालेला आहे. अमेरिकेत केनेथ रुबिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाचवीतल्या मुलांवर केलेला अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. लाजाळू, मागे राहणाऱ्या मुलांनाही जवळचा एक मित्र असण्याचं प्रमाण जवळजवळ इतर मुलांएवढंच निघालं. आणि ती मैत्री वर्षभर तशीच टिकतही होती. मात्र दोन गोष्टी वेगळ्या आढळल्या. त्यांचा मित्रही बहुधा त्यांच्यासारखाच मागे राहणारा आणि बऱ्याचदा इतरांचा त्रास सोसणारा होता. शिवाय अशा मैत्रीत मनातलं बोलणं, अडचणीला मदत करणं, मजा करणं हे जरा कमी होतं.

हे ऐकून मला खिचडीची ओळच आठवली. दोघंही भिडस्त. एकाला वही हवी असते आणि दुसऱ्याकडे ती असते, पण हा मागत नाही आणि तो विचारत नाही.

तरीही या मैत्रीची किंमत मोठी आहे. कॅनडात चौथी-पाचवीच्या मुलांवर झालेला अर्नेस्ट हॉजेस आणि सहकाऱ्यांचा अभ्यास १९९९ मध्ये आला. वर्गात ज्यांना इतर मुलं छळतात त्यांच्या मनावर वर्षभरात काय परिणाम होतो, हे त्यांनी बघितलं. ज्या मुलांना एक सच्चा मित्र होता त्यांच्या बाबतीत छळामुळे पुढच्या अडचणी वाढत गेल्याचं दिसलं नाही. ज्यांना एकही नव्हता त्यांच्या वाढल्या. एक असणं आणि एकही नसणं यात एवढं अंतर आहे. दहा मित्र असलेल्या मुलाचा एक गेला तर नऊ उरतात. अबोल लेकराचा एक गेला तर काय उरतं?

काही जण म्हणतील, पण मुळात लाजाळूपणा हा दोष आहे की नाही? इथं मला चीनमधली गोष्ट सांगाविशी वाटते, कारण ती आपल्यालाही लागू पडते. शिनयिन चेन आणि रुबिन यांनी सहकाऱ्यांसह शांघाय आणि कॅनडातल्या मुलांची तुलना केली, ती १९९२ मध्ये प्रसिद्ध झाली. कॅनडात लाजाळू मुलं वर्गाला नकोशी होती. शांघायमध्ये तीच मुलं वर्गाला आवडत होती. समंजस, मर्यादेनं वागणारी म्हणून. पुढे चेन यांनी शांघायमध्येच १९९०, १९९८ आणि २००२ अशा तीन वेळच्या मुलांची तुलना केली. १९९० मध्ये लाजाळू मूल वर्गाचं आवडतं होतं. १९९८ मध्ये चित्र संमिश्र झालं. २००२ पर्यंत ते वर्गाला नकोसं झालं होतं आणि खिन्नही. बारा वर्षांत शहराचा बाजार बदलला, धिटाईला भाव आला. लेकरं होती तशीच होती!

आपल्याकडे वेगळं काय झालंय? माझ्या नोकरीच्या सुरुवातीला, तेव्हा हा भाग परभणी जिल्ह्यात होता (हिंगोली जिल्हा झाला १ मे १९९९ ला), गावात अशा लेकराला 'गरीब' म्हणत. "लेकरू लई गरीब हाय हो बाई, कोणाच्या अध्यात ना मध्यात." यात पैशाचा संबंध नाही, ती स्तुती होती. आज त्याच गावात व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिराचा फलक लागतो आणि त्याच लेकराला 'कॉन्फिडन्स नाही' म्हणतात. शब्द बदलला की नजर बदलते. मग आईबाप काळजीत पडतात, शिक्षक काळजीत पडतात आणि लेकराला पहिल्यांदाच वाटायला लागतं की आपल्यात काहीतरी खोट आहे.

आता ती मैत्री कशी तुटते ते बघा. आपल्या जिल्ह्यात तिची कारणं ठरलेली आहेत.

पहिलं कारण ऊसतोड. दसरा-दिवाळी झाली की सेनगाव, कळमनुरी, औंढा या भागांतल्या कितीतरी घरांना कुलूप लागतं. उचल घेतलेली असते, नवरा-बायकोचा कोयता ठरलेला असतो, गाडी येते आणि माणसं कारखान्याला जातात. गाळप संपेपर्यंत परत येत नाहीत. आईबापांसोबत लेकरू गेलं तर त्याची शाळा बुडते, याची चर्चा आपण करतो. त्यासाठी हंगामी वसतिगृहं निघाली, शिक्षण हमी कार्ड आलं. चांगल्याच गोष्टी आहेत. पण जे लेकरू गावातच राहतं आणि ज्याच्या शेजारची जागा रिकामी होते, त्याचा विचार कोणाच्याच कागदावर नसतो. कार्डावर इयत्ता लिहिलेली असते. शेजारी कोण बसत होतं, ते लिहिलेलं नसतं.

माझ्या वर्गात अशा दोन मुली होत्या. नावं सांगत नाही, आता त्यांच्याही लेकी शाळेत जात असतील. एकीचं घर ऊसतोडीला गेलं. दुसरी आठवडाभर शाळेतच आली नाही. घरी गेले तर म्हणाली, "ती न्हाई तर मह्याजवळ कोण बसंल?" एवढं मोठं वाक्य मी तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. टोळीचा मुकादम अधूनमधून गावात यायचा. मी तिला म्हटलं, चिठ्ठी लिही, मुकादमाच्या हाती पाठवू. वर्गात उत्तराला 'हो' आणि 'नाही' यापलीकडे न जाणाऱ्या त्या पोरीनं पाठपोट पान भरून लिहिलं. शेळीला दोन पिल्लं झाली इथपासून ते वर्गात कोणाची पाटी फुटली इथपर्यंत! महिन्याभरानं उत्तर आलं. त्यात अक्षरं थोडी आणि उसाच्या गाडीचं चित्र मोठं. ते चित्र वहीत ठेवून ही पुन्हा शाळेत यायला लागली.

दुसरं कारण मुलींच्या बाबतीतलं आणि अधिक गंभीर. पुष्कळ गावांत शाळा सातवी-आठवीपर्यंतच. पुढचं हायस्कूल दुसऱ्या गावी. मानव विकास मिशनमधून मुलींना सायकली मिळाल्या, एस.टी.ची सोय झाली, यानं फरक पडला हे मान्यच आहे. पण आपल्याकडे आईबाप विचारतात ते सायकलीचं नाही, सोबतीचं. "सोबत कोण हाय?" धीट मुलगी चार जणींत कोणाशीही सोबत जुळवते. अबोल मुलीची सोबत एकच. त्या एकीचं लग्न ठरवून टाकलं किंवा तिला घरी बसवलं, की हिचीही शाळा सुटते. कारण लिहिताना 'शिक्षणात रस नाही' असं लिहितात. रस होता, सोबत गेली होती. एका मुलीच्या बालविवाहानं दोन मुलींची शाळा संपते, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं आहे.

तिसरं कारण कारभाराचं. वर्गाच्या दोन तुकड्या पाडताना पटाची समान वाटणी होते, जोडी कोणाची आहे ते बघत नाहीत. 'सारखी एकमेकांनाच चिकटून असतात' म्हणून मुद्दाम बाक बदलतात. २०२३ मध्ये कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा करण्याचा विचार राज्यात पुढे आला. त्याच्या बाजूनं आणि विरोधात खर्चाचं, अंतराचं, शिक्षकांच्या संख्येचं पुष्कळ बोललं गेलं. मला एवढंच म्हणायचं आहे की वीस लेकरांच्या शाळेत जे लेकरू कसंबसं एक मित्र जोडून बसलंय, त्याला दोनशेच्या शाळेत नेताना ती जोडी एकाच तुकडीत राहील एवढी तरी काळजी घ्या. याला एक पैसा लागत नाही.

आता दुसरी बाजू. आमचे एक नातेवाईक म्हणतात, "ताई, दोन मुकी माणसं एकत्र बसवून काय होणार? दोघंही तशीच राहतील. जगात बोलणाऱ्याची मातीही विकली जाते." त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. वर सांगितलेल्या अभ्यासातही तेच निघालं की अशा मैत्रीत मदत कमी होते. दोघांनाही त्रास होत असेल तर दोघं मिळून तो मुकाट सोसतात.

पण उपाय जोडी फोडणं नाही. सुदाम्याची गोष्ट आठवा. भिडस्तपणाचा तो कळस. बायकोनं मागायला पाठवलेला माणूस द्वारकेपर्यंत गेला आणि तोंड उघडेना. पोह्यांची पुरचुंडीसुद्धा काखेत दाबून धरली. कृष्णानं त्याला 'बोल की रे' म्हटलं नाही, पुरचुंडीच ओढून घेतली. अबोल लेकरांच्या जोडीला असा पुरचुंडी ओढणारा तिसरा कोणीतरी लागतो. वर्गात तो शोधून देणं हे शिक्षकाचं काम.

बी.एड.ला आम्हाला समाजमिती होती. जेकब मोरेनो यांनी १९३४ मध्ये हे तंत्र मांडलं. प्रत्येक मुलाला गुपचूप विचारायचं, तुला कोणाशेजारी बसायला आवडेल, आणि मग बाणांचा नकाशा काढायचा. परीक्षेपुरता पाठ करून आपण तो सोडून देतो. खरं तर जूनमध्ये एकदा आणि दिवाळीनंतर एकदा असा नकाशा प्रत्येक वर्गशिक्षकानं स्वतःसाठी काढावा. ज्या दोघांचे बाण फक्त एकमेकांकडे जातात त्यांना खूण करून ठेवावी. आणि ज्याचा बाण कोणाकडे जातो पण परत कोणाचाच येत नाही, त्याच्याकडे सर्वांत आधी बघावं.

मग त्या जोडीला तिघांचं काम द्यावं. बागेला पाणी घालणं, ग्रंथपेटीतली पुस्तकं लावणं, फलकावर सुविचार लिहिणं. तिसरा निवडताना वर्गाचा पुढारी नको, मायाळू मूल बघावं. हाताला काम असलं की तोंडावरचं ओझं उतरतं. परिपाठात एकट्याला पुढं बोलावण्याऐवजी जोडीनं बातम्या वाचू द्याव्यात. आणि लिहू द्यावं! साने गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. स्वतः अतिशय संकोची माणूस. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते हातानं लिहून 'छात्रालय दैनिक' काढत. मुलांच्या मनाशी त्यांनी असा लेखणीनं संवाद साधला. बोलणं हा मन मोकळं करायचा एकच रस्ता नाही, हे त्या संकोची शिक्षकाला चांगलं ठाऊक होतं.

आईबापांना आणि आपल्या सगळ्या नातेवाईक मंडळींना दोन गोष्टी सांगते. पाहुणे आले की 'काकांना कविता म्हणून दाखव' हे बंद करा. त्या लेकराला ती शिक्षा वाटते आणि काकांनाही कवितेत फारसा रस नसतो! दुसरं, लेकराच्या त्या एका दोस्ताचं नाव, घर, त्याच्या आईचा फोन नंबर आपल्याला माहीत असू द्या. त्याला सुट्टीत घरी बोलवा. आलेल्या दोघांना 'बोला की काहीतरी' म्हणू नका, पुढ्यात मुरमुरे-शेंगदाणे ठेवा आणि आपल्या कामाला लागा. त्या दोस्ताची जात, शेती, टक्केवारी विचारत बसू नका. शाळा बदलायची वेळ आलीच तर फी आणि बसचा मार्ग विचारता तसं 'याच्या ओळखीचं तिथं कोणी आहे का' हेही विचारा.

एवढं केल्यावर ते लेकरू बोलकं होईल का? काही होतील, काही नाही होणार. जी होणार नाहीत त्यांचंही काही अडत नाही. माझे कितीतरी अबोल विद्यार्थी आज संसार करतात, शेती बघतात, कोणी तलाठी आहे, कोणी नर्स आहे. आजही ती कमीच बोलतात. पण त्यातल्या बहुतेकांकडे शाळेतला एक दोस्त अजून आहे. हळदीचा भाव पडला की किंवा घरात आजारपण आलं की त्याला फोन जातो.

दसरा जवळ आला की आपल्याकडे पुन्हा गाड्या भरायला लागतील. आपल्या गावातल्या शाळेत त्यानंतर कोणाच्या शेजारची जागा रिकामी झाली, एवढं एकदा जाऊन बघून या. आणि तुमच्या शाळेच्या दिवसांतला असा एकुलता दोस्त आठवत असेल तर मला जरूर कळवा. त्याला आधी फोन करा, मला नंतर कळवलंत तरी चालेल.